फोटोपुरता काढलेला पाय

बसथांब्यापासून वर्कशॉपपर्यंत पायी सात मिनिटं लागायची. त्यातला बँकेचा कोपरा पायवाल्या काकांना गेल्या तीन महिन्यांपासून नकोसा झाला होता. कोपऱ्यावर एका बाजूला केबलसाठी खणलेला चर होता, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा, आणि मधे उरलेल्या चिंचोळ्या फुटपाथवर ते तिघं उभे असायचे. जागा त्यांनी पूर्ण विचार करूनच निवडली होती. तिथे माणसाला ना वळता येत होतं, ना रस्ता ओलांडता.

तिघांच्या अंगात पिवळेजर्द टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब. एक कोरीव दाढीवाला, एक पोनीटेलवाली मुलगी, आणि एक चष्मेवाला, जो बोलायचा कमी आणि वाट जास्त अडवायचा. मागच्या महिन्यात हेच तिघं हिरव्या टी-शर्टात समुद्रातल्या कासवांसाठी गळा काढत होते. त्याआधी निळ्या टी-शर्टात पिण्याच्या पाण्यासाठी. रंग बदलायचा, वाक्यं तीच राहायची. तुमचा चेहरा बघूनच वाटलं की तुम्ही थांबणार, हे दाढीवाल्याचं ठरलेलं पहिलं वाक्य.

काका एकदा थांबले होते. दाढीवाल्यानं हात पुढे केला, काकांनी सवयीनं दिला, आणि मग तो काही सोडेना. घामानं चिकट झालेला मऊ हात. दुसऱ्या हातानं त्यानं काकांचं मनगटही धरलं आणि तोंडाजवळ तोंड आणून विचारलं, तुम्हाला मुलं आहेत का. तोंडाला पेपरमिंटचा वास. काकांना मूलबाळ नव्हतं, तसं त्यांनी सांगितलं. त्यावर तो डोळे ओले करून म्हणाला की मग तर ही सगळी तुमचीच मुलं.  हात सोडवून ते निघाले, तेव्हा मागून त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना शुभेच्छा दिल्या. चार लोकांनी वळून पाहिलं. वर्कशॉपमध्ये पोचल्यावर काकांनी हात साबणानं दोनदा धुतला.

पुढे मग त्यांनी बहाणे शिकून घेतले. फोन कानाला लावायचा, एखाद्या धिप्पाड माणसाच्या आडोशानं निघायचं, नाहीतर खोकायला लागायचं. छपन्नाव्या वर्षी कामावर जाताना चोरासारखं जावं लागतं याचीच त्यांना चीड यायची.

काका कृत्रिम पाय बनवायचे. एकतीस वर्षं तेच काम. गुडघ्याखाली तुटलेला, मांडीतून तुटलेला, जन्मतःच नसलेला, असा प्रत्येक पाय त्यांच्या हाताखालून गेलेला. उरलेल्या पायाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यावर भट्टीत मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा चढवायचा, कडा घासायच्या, पट्टा लावायचा, आणि माणसाला दोन कठड्यांच्या मधे उभं करून चालवून बघायचं. माणसांची नावं ते विसरत. उरलेला पाय मात्र एकदा हाताखालून गेला की विसरत नसत.

म्हणूनच त्या सोमवारी ते फसले. कोपऱ्यावर नवा फलक लागला होता, माणसाहून उंच. त्यावर एक मुलगी, खाटेच्या काठावर बसलेली, फ्रॉक गुडघ्याच्या वर सरकलेला. एक पाय खाली लोंबकळत होता आणि दुसरा गुडघ्याच्या वीतभर खाली संपत होता. डोळे मोठ्ठे, ओठ घट्ट मिटलेले. खाली लिहिलं होतं, ‘मी तुमची वाट बघतेय.’

काकांची नजर आधी पायावर गेली. टाक्यांची खूण वाकडी, आतल्या अंगाला कातडीची एक घडी. ह्या घडीनं त्यांना किती छळलं होतं. तीन वेळा साचा बदलला तेव्हा कुठे ती घडी सॉकेटच्या वाटीत चिमटायची थांबली. आणि गुडघ्याच्या वर, मांडीला, लालसर वळ गोल फिरलेला. पट्ट्याचा वळ. पट्टा सोडल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तो मावळतो. म्हणजे फोटो काढायच्या जरा आधीपर्यंत ह्या पोरीच्या पायात पाय होता.

चेहऱ्याकडे त्यांनी नंतर पाहिलं. खारूताई. वर्कशॉपमध्ये एका जागी म्हणून बसायची नाही, मोजमाप घेतानाही चुळबुळ चालूच, म्हणून त्यांनीच ठेवलेलं नाव. तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता वीस वर्षांची होऊन कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं लावत होती, आठ-आठ तास उभी राहून.

ते थांबलेले बघून दाढीवाला सरसावलाच. ही चिमुरडी सात वर्षांची आहे, म्हणाला, तिनं आजवर एक पाऊल टाकलेलं नाही, रोज खिडकीतून इतर मुलांना खेळताना बघते. तिचं नावही त्यानं सांगितलं, ते भलतंच होतं. आवाज नेमक्या जागी घोगरा झाला.

काका म्हणाले, “हा फोटो बारा वर्षांपूर्वीचा आहे. हिला पाय आहे. मी केलाय.”

दाढीवाल्याचे डोळे क्षणभर टॅबवर गेले, जणू उत्तर तिथे असेल. मग तो हसला आणि म्हणाला, “काका, एक मुलगी नसते हो ती. प्रतीक असतं. मग किती लिहू तुमच्या नावावर?”

काका चालू लागले. 

दिवसभर त्यांचं कामात लक्ष लागेना. एका म्हाताऱ्या शिक्षकांच्या सॉकेटची कड त्यांनी नको तेवढी घासली आणि पत्रा वाया गेला. दुपारी भट्टीपाशी उभे असताना त्यांना सगळं आठवलं, आणि आठवलं ते बरं झालं नाही असं वाटलं.

ती भट्टी संस्थेनं दिली होती. त्याच संस्थेनं, जिचं नाव आता पिवळ्या टी-शर्टांवर होतं. बारा वर्षांपूर्वी संस्थेच्या एक बाई कॅमेरा घेऊन वर्कशॉपमध्ये आल्या होत्या. खारूताई तेव्हा नवा पाय घालून कठड्यांच्या मधून पळत होती, धरत नव्हती कशालाच. बाईंनी तिचे पळतानाचे फोटो काढले आणि मग काकांना म्हणाल्या, जरा पाय काढून बसवता का हिला, आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही लागतील. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. जुनी भट्टी बिघडलेली होती, नवी मिळण्याची आशा होती. खाली बसून पट्टा सोडला तो त्यांनीच. पाय काढून घेतला तोही त्यांनीच.

संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हातातली जुडी तिनं खाली ठेवली. नवऱ्याची बाजू घेणं तिच्या स्वभावातच होतं, पण त्या दिवशी तिनं घेतली नाही. पोरीला सांगा, एवढंच म्हणाली. काका म्हणाले, आधी संस्थेत जाऊन तो फोटो काढायला लावतो, मग तिला कशाला त्रास. बायकोनं पुन्हा जुडी हातात घेतली. म्हणाली, तुम्हाला तिच्यापुढे उभं राहायची भीती वाटतेय.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका संस्थेच्या ऑफिसात गेले. बाहेर बसायला गुबगुबीत खुर्च्या, भिंतीवर रडवेली तोंडं ओळीनं फ्रेम करून लावलेली. एसीचा गारवा आणि कसलासा फुलांचा फवारा, त्यात ती तोंडं. काकांनी तिथलं पाणीसुद्धा घेतलं नाही. आत ज्या मॅडम होत्या त्या काही वाईट वागल्या नाहीत, उलट फारच गोड वागल्या. फाइल काढून त्यांनी मुलीच्या वडिलांच्या सहीचा कागद दाखवला. वडील वारून सहा वर्षं झाली होती. काका म्हणाले, निदान पळतानाचा फोटो तरी लावा, तोही तुमच्याकडे आहे.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. “लावला होता. दुसऱ्या एका चौकात, दोन आठवडे. कुणी थांबलं नाही. हसणाऱ्या मुलीसाठी लोक थांबत नाहीत, काका. आणि तुमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांचे पाय आमच्याकडून होतात, हे तुम्हाला माहीतच आहे.”

ते खरं होतं, आणि त्याचाच काकांना सगळ्यात जास्त राग आला. ह्या मॅडमना नुसतं खोटारडं म्हणून तिथून उठता आलं असतं तर किती बरं झालं असतं. त्याऐवजी त्या खऱ्याच बोलत होत्या, आणि बोलता बोलता टिश्यूनं बोटांचं हँडक्रीम पुसत होत्या. कोपऱ्यावरच्या तिघांचं वागणं काकांनी सांगितलं, तर त्या म्हणाल्या की ती देणग्या गोळा करणाऱ्या एजन्सीची मुलं, आमची नव्हेत. काका उठले. दारापर्यंत सोडायला आलेल्या मॅडमनी त्यांना संस्थेचं एक कॅलेंडर दिलं. त्यांनी ते जिन्यात ठेवून दिलं.

नंतरचे दोन दिवस ते एक थांबा आधी उतरून लांबच्या रस्त्यानं गेले. फलकाकडे बघायचा धीर होत नव्हता. खारूताईला फोन लावायला घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. शेवटी गुरुवारी तीच आली. घोट्याचा स्क्रू ढिला झाला होता, चालताना टकटक वाजत होता. स्टुलावर बसून तिनं पॅन्टचा पाय दुमडला, पट्टा सोडला आणि पाय काढून काकांच्या हातात दिला. काकांनी तो उलटा धरला आणि खाली मान घालूनच तिला सगळं सांगितलं, भट्टीसकट.

 सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “मी बघितलाय तो, काका. तो दाढीवाला मला पण धरून ठेवतो ना.”

मग तिनं सांगितलं. मंगळवारी कामावरून परतताना त्यानं तिला अडवलं होतं. लांब पॅन्ट, बूट, त्याला कळायचं काही कारणच नव्हतं. तिच्याच फोटोकडे बोट दाखवून त्यानं तिला तिची गोष्ट सांगितली. खिडकी, खेळणारी मुलं, सगळं. ती पूर्ण ऐकून घेत उभी राहिली. पाय मिळाला तर ही मुलगी काय करेल असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला की नाचेल. तिनं सांगितलं की विचार करते, आणि घरी आली. आईला मात्र काही सांगितलं नाही.

काकांनी विचारलं, राग नाही आला? ती म्हणाली, आला ना, पण त्याचा नाही. त्याचं पोट त्यावर चालतं, तो हजार गोष्टी सांगेल.

“मग कुणाचा?”

स्टुलावरून तिचा उरलेला पाय हलत होता. “तुम्ही म्हणाला होतात, दोन मिनिटं बस, खारूताई. आणि तुम्ही बाहेर गेलात चहा सांगायला. त्या बाईंनी अर्धा तास बसवलं. हसू नको म्हणाल्या, हात मांडीवर ठेव म्हणाल्या. मला लघवीला जायचं होतं, काका. पाय त्यांच्या मागच्या खुर्चीवर होता. मागायची लाज वाटली. फोटोत मी बघतेय ना, ती पायाकडे बघतेय. लोकांना वाटतं, त्यांची वाट बघतेय.”

काकांच्या हातातला पाना तसाच राहिला.

“मग?” त्यांनी विचारलं, पण त्यांना ते ऐकायचं नव्हतं.

“मग काय. झाली तिथेच. आईनं फ्रॉक धुतला.”

  एकतीस वर्षं काका रोज कुणाचा तरी पाय काढत आणि घालत होते. काढलेला पाय तोवर त्या माणसाच्या हाताशी ठेवायचा असतो, एवढी साधी गोष्ट त्यांनी किती वेळा पाळली नसेल, याचा त्यांना हिशेब लागेना. स्वतःचेच हात त्यांना परके वाटले. स्क्रू बसवून त्यांनी पाय तिच्या मांडीवर ठेवला आणि मग म्हणाले, “माझं चुकलं गं.” ती म्हणाली, हो. आणि पट्टा बांधायला लागली.

शुक्रवारी सकाळी दोघं मिळून कोपऱ्यावर गेले. ठरलं होतं ते एवढंच की तिनं स्वतः सांगायचं, फलक काढा. दाढीवाला तिला बघून लगबगीनं पुढे आला, विचार झाला वाटतं, म्हणत. तिनं शांतपणे सांगितलं की ही मी आहे. त्याला पटेना. तेव्हा तिनं पॅन्ट घोट्याच्या वर उचलून दाखवली. चष्मेवाला दोन पावलं मागे सरकला, पोनीटेलवालीचा चेहरा उतरला.

दाढीवाल्याचा मात्र फुलला. काकांनी आयुष्यात पुष्कळ चेहरे पाहिले होते, पाय गेल्याचं नुकतंच कळलेल्यांचे चेहरेसुद्धा, पण हा चेहरा त्यांना पुढे कित्येक दिवस जेवताना आठवत राहिला. त्यानं आजूबाजूच्या लोकांना हाका मारायला सुरुवात केली. या, बघा, आमची मुलगी, फोटोतली, आज तुमच्यासमोर उभी आहे. सकाळची वेळ, चिंचोळी वाट, लोक तुंबलेच. त्यानं फोन काढून तिच्यावर धरला आणि हलक्या आवाजात, अगदी आर्जवानं म्हणाला, “ताई, दोन मिनिटं पाय काढाल का? म्हणजे लोकांना पटेल.”

खारूताईनं काकांकडे पाहिलं. ती रडत नव्हती. तिच्या तोंडावर नुसती किळस होती, अंगावर पाल पडावी तशी.

काकांच्या पिशवीत पाने-पकडी कायम असत. ते फलकापाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि चौकटीचा खालचा पहिला बोल्ट सोडवायला लागले. चष्मेवाला म्हणाला, हात लावू नका, एजन्सीची मालमत्ता आहे. काकांनी ऐकलं नाही. दाढीवाल्यानं त्यांच्या खांद्याला धरून ओढलं, तेव्हा ते वळले आणि इतक्या वर्षांत कुणाशी बोलले नव्हते अशा आवाजात म्हणाले, “हात काढ.” त्यानं काढला. गर्दीतला एकजण म्हणाला, चांगल्या कामात कशाला खोडा घालताय. दुसऱ्या एका बाईनं विचारलं, मुलीला विचारलं होतं का कुणी. त्यावर थोडी बाचाबाची झाली, पण काकांनी बोल्ट सोडवायचं थांबवलं नाही. वरचे दोन बोल्ट उंच होते, तिथे हात पुरेना. पोनीटेलवालीनं एजन्सीचं स्टूल आणून ठेवलं आणि ते हलू नये म्हणून धरून उभी राहिली. दाढीवाला तिला काहीतरी घाण बोलला. तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात टाकलं.

चौकट मोकळी झाल्यावर काकांनी तो कापडी फोटो सोडवला आणि गुंडाळला. खारूताईनं तो काखेत मारला आणि म्हणाली, मला उशीर होतोय. ती कुरिअरच्या ऑफिसाकडे निघून गेली. घोटा वाजत नव्हता.

प्रकरण अर्थातच तिथे संपलं नाही. दुपारी संस्थेतून वर्कशॉपच्या साहेबांना फोन आला आणि साहेबांनी काकांना केबिनमध्ये उभं करून झापलं. मॅडमना खारूताईनं स्वतःच्या सहीनं पत्र पाठवलं, मी आता सज्ञान आहे, माझा फोटो कुठेही वापरू नये. महिन्याभरानं दोन ओळींचं उत्तर आलं, फोटो मागे घेतल्याचं. पण तोवर कोपऱ्यावरच्या चौकटीत दुसरं पोर बसलं होतं, हात नसलेलं. दाढीवाला त्याचंही नाव सांगत होता. पोनीटेलवाली पुन्हा दिसली नाही. काका त्या पोराच्या दंडाकडे एकदाच बघून घेत आणि पुढे जात. ते त्यांचं काम नव्हतं. दुसरीकडे कुठेतरी, दुसऱ्या कुणीतरी पट्टा सोडला असणार.

आपल्या वर्कशॉपमध्ये काकांनी एकच केलं. मोजमापाच्या खोलीत कॅमेरा येऊ देणार नाही, हे साहेबांना तोंडावर सांगितलं. साहेबांनी खांदे उडवले. आता येणारच कोण होतं? संस्थेनं मुलं पाठवणं बंद केलं होतं.

अडकले ते दोन पाय. त्या दोन मुलांचे साचे आधीच घेऊन झाले होते, सॉकेट निम्मे तयार होते, आणि संस्थेनं अचानक हात वर केले होते. काकांनी ते सुट्टीच्या दिवशी बसून पुरे केले. साहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. पाय झाल्यावर काकांनी दोन्ही घरी फोन लावला. एका मुलीची आजी तिला घेऊन दुसऱ्याच दिवशी आली. काकांनी जुनी कुबडी मुलीच्या हाताशी ठेवली, तिला विचारूनच उरलेल्या पायाला हात लावला, आणि ती दोन कठड्यांच्या मधून तीन वेळा गेली.

दुसरा एक मुलगा होता, सहा वर्षांचा. त्याच्या बापाचा फोन बंद लागतो. काकांनी दुसऱ्या नंबरांवरून लावून बघितला, पत्ता शोधत एकदा जाऊनही आले, ती माणसं तिथून उठून गेली होती. पाय अजून फळीवर आहे, कापडात गुंडाळलेला. काका मधूनमधून तो काढून बघतात. एवढ्या महिन्यांत पोरगं दोन बोटं तरी वाढलं असेल. आता सापडलं, तरी हा पाय त्याला येणार नाही.